व्हॅलेन्सियात आरोसेरियात जेवायचंय: भात मागवायचा कसा?

दुपारचा_डबा

मेच्या दुसऱ्या आठवड्यात चौघं जण तीन दिवस स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात आहोत. एक दुपार फक्त भातासाठी राखून ठेवली आहे. आरोसेरिया म्हणजे भाताचंच हॉटेल, इतकं कळलं. पण मेन्यूकार्डं चाळायला घेतली आणि गोंधळ वाढला. एकेका ठिकाणी भाताचेच दहा-बारा प्रकार, प्रत्येकापुढे 'किमान दोन व्यक्ती', काहींपुढे 'आगाऊ सांगावे', आणि एखाद्या प्रकारापुढे तर किंमतच नाही.

दोघं सगळं खाणारे, एक फक्त मासे खाणारी, एक शाकाहारी (अंडं-दूध चालतं). शहरात जेवावं की जवळच्या एल पाल्मार गावाला जावं? लाकडावरची पाएया (पसरट पातेलीतला तिथला भात) खरंच वेगळी लागते की तो नुसता भाव वाढवायचा प्रकार? आणि समोर आलेला भात जमलाय की फसलाय, हे ओळखायचं कशावरून? 'अमक्या ठिकाणी मस्त मिळते' असं नको, मागवायचं कसं ते सांगा.

---

खरवड

सगळ्यात आधी घड्याळ. हे दुपारचं जेवण आहे. चुली साधारण दीडला पेटतात आणि साडेतीन-चारला शेवटची ऑर्डर घेतात. भात रात्री जड पडतो असं तिथले लोक मानतात, त्यामुळे बरीच जुनी घरं, म्हणजे भाताची हॉटेलं, संध्याकाळी बंदच असतात. रात्री नऊला, तेही फोटो लावलेल्या फळ्यावरून पाएया मिळत असेल तर ती बहुतेक फ्रीजरमधून आलेली. रविवारी दुपारी अख्खं शहर कुटुंबासकट भात खायला बाहेर पडतं. शक्यतो रविवार टाळा, नाहीतर टेबल बरंच आधी धरा.

टेबल धरताना माणसं किती एवढंच सांगून फोन ठेवू नका, भात कुठला आणि किती जणांचा तेही सांगा. ताट वाढून तयार ठेवता येतं, पाएया ठेवता येत नाही. तांदूळ पडल्यापासून १८ ते २० मिनिटं शिजणं आणि वर ४-५ मिनिटं विसावा, हे कुणालाच चुकवता येत नाही. मांस परतण्यापासून लाकडावर करायची असेल तर सव्वा ते दीड तास लागतो. 'आगाऊ सांगावे' लिहिलेलं असतं ते म्हणूनच. उलट, बसल्यापासून दहा मिनिटांत पाएया पुढ्यात आली तर ती मोठ्या पातेलीतून काढलेली किंवा गरम केलेली आहे हे धरून चाला.

किमतीत फसायला होतं ते असं: पुढे लिहिलेला आकडा माणशी असतो, अख्ख्या पाएयाचा नव्हे. '१८ युरो, किमान दोन व्यक्ती' म्हणजे टेबलावर येणारी पाएया ३६ युरोची. साध्या प्रकारांना माणशी साधारण १६ ते २४ युरो पडतात, लॉबस्टरचा भात त्याच्या बराच वर जातो. किंमत नसेल तिथे 'बाजारभावाप्रमाणे' असा अर्थ असतो. ऑर्डर द्यायच्या आधी आकडा विचारा आणि तो माणशी की एकूण हेही विचारा. विचारण्यात काही गैर नाही, तिथलेही विचारतात. कर किमतीत धरलेला असतो. पाव आणि आलिओली (लसूण-तेल घोटून केलेली पांढरी चटणी) न मागता टेबलावर येते, पण बिलात माणशी दीड-दोन युरो लागतात. नको असेल तर आल्या आल्या परत करा.

चौघांत किती प्रकार मागवायचे? दोनच. बहुतेक घरांचा नियमच असतो, एका टेबलाला जास्तीत जास्त दोन भात. प्रत्येक पाएयाला स्वतंत्र शेगडी लागते आणि दोन्ही एकाच मिनिटाला उतरवाव्या लागतात, त्यामुळे तिसरा मागितला की कुणाला तरी थांबावं लागतं.

तोवर मधे खायला दोन-तीन गोष्टी घ्या, चौघांत मिळून. एस्गार्राएत (भाजलेली लाल ढोबळी मिरची आणि खारवलेला कॉड हातानं फाडून, लसूण, ऑलिव्ह तेल), तव्यावरची सेपिया (माकुळासारखा समुद्री जीव), आणि तुम्ही मेमध्ये जाताय म्हणून क्लोचिना. या तिथल्या छोट्या शिंपल्या, हंगाम मे ते ऑगस्ट. नेहमीच्या मसल्सपेक्षा आकारानं लहान, चवीला जास्त खाऱ्या-गोड. इथे हात आवरता घ्या. भात यायच्या आत पोट भरणं ही तिथे नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक.

---

मीठ_आधी

लाकडाबद्दल. फरक आहे, पण सगळ्या भातांत नाही.

पाएया वालेन्सियाना, म्हणजे मांसाची मूळ पाएया, त्यात कोंबडी, ससा, चपटी हिरवी फरसबी (फेर्राउरा), गार्रोफो नावाचा मोठा चपटा पांढरा दाणा (डबल बीची जात), टोमॅटो, ऑलिव्ह तेल, केशर, पाणी, मीठ आणि तांदूळ. बस्स. कांदा नाही, मटार नाही, चोरिसो (डुकराचं सॉसेज) तर नाहीच. बदक, गोगलगायी, आर्टिचोक, लसूण, पाप्रिका, रोझमेरी गावागणिक चालतात. वेगळा स्टॉक घालत नाहीत, पातेलीतच तयार होतो. आधी पातेलीच्या कडेनं मीठ भुरभुरतात, मग तेल. मिठानं तेल उडत नाही आणि पातेली तिरकी असेल तर तेल वाहतं तिकडे लगेच दिसतं. मग मांस मध्यम आचेवर चांगलं २०-२५ मिनिटं, पार तपकिरी होईपर्यंत. तिथे कुणी घाई केली तर पुढे काहीही घाला, रस्सा फिकाच राहतो. मग भाज्या, किसलेला टोमॅटो, पाप्रिका जेमतेम काही सेकंद (करपली की कडू), आणि लगेच पाणी, कड्यांच्या रिव्हेटपर्यंत. हे अर्धा तास उकळतं. म्हणजे एकूण तासाहून जास्त वेळ उघडी, पसरट पातेली जाळावर असते आणि धूर त्या पाण्यावर बसत राहतो. लाकडाचा वास येतो तो यातून. लाकूड बहुतेक संत्र्याचं, तिथे बागांची छाटणी झाली की ढिगानं मिळतं.

दुसरा फायदा आचेचा. तांदूळ पडला की पहिली ८-१० मिनिटं जोरात उकळी हवी, मग हळूहळू उतरती आच. लाकूड नेमकं तसंच जळतं, आधी जाळ, मग निखारे. अर्थात ते सांभाळणारा माणूस हवा. गॅसवर हेच काम दोन-तीन कडी असलेली मोठी शेगडी करते आणि चांगल्या हातात त्यात काही उणं नसतं.

म्हणून मांसाच्या पाएयाला लाकडाचे दोन-तीन युरो जास्त द्यायला हरकत नाही. माशांच्या भाताला देऊ नका. त्याचा रस्सा आधीच वेगळ्या भांड्यात, गॅसवर झालेला असतो, जाळावर तो फक्त २० मिनिटं असतो. आणि फळ्यावर 'आ लेन्या' (लाकडावर) लिहिलेलं असलं तरी विचारा: तोदो आ लेन्या, ओ सोलो एल फिनाल? सगळं लाकडावर की फक्त शेवट? काही ठिकाणी शेवटची पाच मिनिटं निखाऱ्यावर ठेवतात आणि पाटी मोठी लावतात.

जाता जाता: पाएयावर ठेवलेली रोझमेरीची काडी सजावट नव्हे. डोंगरी गोगलगायी रानात रोझमेरी खातात, तो वास भाताला उतरायचा. गोगलगायी नसतील तर काडी घालायची. शेवटच्या पाच मिनिटांत घालून काढतात. राहिली तर भात औषधासारखा लागतो.

---

साळीचं_शेत

प्रकारांचा गोंधळ सोडवायचा तर नावं पाठ करू नका, आधी ओलावा बघा. सेको म्हणजे मोकळा, पाणी पूर्ण आटलेला, पसरट पातेलीत. मेलोसो म्हणजे आसट, चमच्यावर हळू पसरणारा. काल्दोसो म्हणजे रस्सा असलेला, खोल भांड्यात, वाडग्यात वाढतात. पाएया फक्त पहिल्यात मोडते. खरं तर पाएया हे त्या पातेलीचंच नाव, भाताचं नंतर झालं.

सेकोमधले माशांचे: आरोस आ बांदा (कोळ्यांचा, माशांच्या रश्शात शिजवलेला, मासे 'बाजूला' म्हणून हे नाव), आरोस देल सेन्योरेत (तोच, पण कोळंबी-सेपिया सगळं सोलून चिरलेलं, 'छोट्या साहेबांचा' म्हणजे हात न बरबटणारा), आरोस नेग्रे (माकुळाच्या शाईतला काळा). फिदेउआ हा भात नव्हेच, गान्दियाकडची शेवयांची पाएया. या चारांबरोबर आलिओली चालते. मांसाच्या पाएयाबरोबर तिथले घेत नाहीत.

आरोस अल ओर्नो हा मातीच्या उथळ भांड्यात भट्टीत भाजलेला, वर अख्खा लसणाचा गड्डा, चणे, बटाटा, टोमॅटो, डुकराच्या फासळ्या, रक्ताचं सॉसेज. शातिवाकडे याचं फार कौतुक. भांडं घरून उचलून बेकरीच्या भट्टीपर्यंत न्यायचे म्हणून याला 'फिरवून आणलेला भात' असंही नाव आहे. हिवाळ्याचा पदार्थ, मेमध्ये सोडा.

आता तांदूळ. मेन्यूवर 'बोंबा' असं ठळक लिहिलेलं दिसेल आणि तोच उत्तम असं वाटेल. तसं नाही. बोंबाचं रोप उंच, वाऱ्यात आडवं पडतं, उतारा कमी, म्हणून महाग. दाण्यात अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) जास्त असल्यामुळे तो फुटत नाही, दोन-चार मिनिटं इकडेतिकडे झाली तरी सावरून घेतो. हॉटेलला तो सोयीचा आहे. पण चव शोषायला सेनिया आणि त्याच्या जातीचे तांदूळ वरचढ. दाण्याच्या पोटात पांढरा खडूसारखा ठिपका असतो, तो रस्सा ओढून घेतो. मात्र सेनियाला नेमका क्षण दीड-दोन मिनिटांचा. तो चुकला की गिच्च गोळा. म्हणून ज्या घरात सेनिया वापरतात आणि दाणा तरी मोकळा येतो, तिथला हात पक्का समजा. 'अल्बुफेरा' नावाची एक जात दोन्हींच्या मधली आहे. तिन्ही 'आरोस दे वालेन्सिया' या संरक्षित नावाखाली येतात.

---

खरवड

सेनियाचं मान्य. पण फिरस्त्यानं रविवारच्या गर्दीत सेनियावर भिस्त ठेवू नये. पाच टेबलांना एकदम भात लागले की वेटर दोन मिनिटं उशिरा पोचतो आणि तेवढ्यात खेळ खलास. बोंबा त्या दोन मिनिटांचा विमा आहे.

---

साळीचं_शेत

म्हणूनच तर आठवड्याच्या मधल्या वारी जायचं.

---

हिरवा_देठ

शाकाहारी व्यक्तीसाठी. पाएया दे वेर्दुरास जवळपास सगळीकडे मिळते. अडचण भाज्यांची नाही, रश्शाची आहे. स्वयंपाकघरात माशांचा रस्सा मोठ्या हंड्यात तयार असतो आणि सवयीनं तोच पडतो. 'वेखेतारियानो' (शाकाहारी) एवढं म्हणून भागत नाही, कारण ट्यूनाचे तुकडे किंवा हामोन (खारवलेलं डुकराचं मांस) हे बऱ्याच वेटरांच्या डोक्यात 'मांस' या सदरात बसतच नाही. असं म्हणा: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन. आणि लगेच: एल काल्दो एस दे वेर्दुरास? रस्सा भाज्यांचाच ना?

आणखी एक युक्ती. युरोपीय कायद्यानं हॉटेलांना १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते, मेन्यूवर छोट्या चित्रांत किंवा वेगळ्या कागदावर. 'ला कार्ता दे आलेर्खेनोस' मागा. भाज्यांच्या पाएयापुढे मासा, कोळंबी किंवा शिंपल्याचं चित्र असेल तर रस्सा बहुधा माशांचा आहे, वेटर काहीही म्हणो. मांस मात्र त्या १४ मध्ये नाही, त्यामुळे कोंबडीच्या रश्श्याचा प्रश्न तोंडीच विचारावा लागतो.

मधलं खाणं: एस्गार्राएतमध्ये कॉड आहे, क्रोकेता (तळलेले छोटे वडे) बहुधा हामोनच्या, 'एन्सालादा वालेन्सियाना'त ट्यूना. तिथला मोठा गुलाबी टोमॅटो नुसता तेल-मीठ घालून मागवा, पण त्यावरही खारवलेला मासा येतो कधीकधी. सिन सालासोन म्हणा.

आता 'किमान दोन'चा पेच. शाकाहारी एकच आहे. सोपा मार्ग म्हणजे मासे खाणाऱ्या बाईंनी भाज्यांची पाएया वाटून घ्यायची आणि माशांची हौस क्लोचिना-सेपियावर भागवायची. उरलेल्या दोघांना मांसाची पाएया. दोन भात, दोन-दोन माणसं, कुठल्याही घराच्या नियमात बसतं. दुसरा मार्ग म्हणजे तिघांत एक सेन्योरेत, आणि एकासाठी भाज्यांचा भात करतील का ते फोनवरच विचारायचं. काही घरं करतात, काही दोन माणसांचे पैसे लावतात, काही सरळ नाही म्हणतात. टेबलावर बसून हा वाद घालू नका.

---

उथळ_पातेली

एका माणसाच्या पाएयाला नकार देण्यामागे निव्वळ धंदा नाही, भूमिती आहे. माणशी १०० ग्रॅम तांदूळ धरा. दोघांचे २०० ग्रॅम शिजून साधारण ६५० मिलिलिटर जागा घेतात. ३० सेंटिमीटरच्या पातेलीचा तळ असतो २६ सेंटिमीटरचा, तिथे थर होतो सव्वा सेंटिमीटर. तोच भात ४० सेंटिमीटरच्या पातेलीत घातला तर थर जेमतेम सात मिलिमीटर. थर पातळ म्हणजे बुडाला टेकणारे दाणे जास्त, वरून पाणी उडणं जास्त, दाणा मोकळा. एका माणसाचे १०० ग्रॅम तसेच पसरायचे तर २८-३० सेंटिमीटरची पातेली लागेल आणि एवढ्याशा रश्श्यावर ताबा राहत नाही. मिनिटभरात आटतो, तांदूळ कच्चा.

म्हणून पाएया आली की पहिल्यांदा थर बघा. कडेला चमचा उभा घाला. बोटाच्या जाडीपेक्षा वर गेला तर ती खोल भरलेली पातेली आहे, त्यात खालचा भात आसट आणि वरचा कोरडा असणार. आलिकान्तेकडची घरं तर मुद्दाम दाण्या-दोन दाण्यांच्या थरावर जातात. त्याला रस्सा जास्त लागतो, १०० ग्रॅमला नेहमीच्या ३०० ऐवजी ३५०-४०० मिलिलिटर, कारण बराचसा हवेतच जातो. रस्सा दाट केलेला असतो, त्यामुळे भात खारट होण्याची भीती तिथे जास्त.

रंगावर जाऊ नका. नुसत्या केशरानं भात फिकट सोनेरी होतो. झेंडूसारखा पिवळाजर्द म्हणजे खायचा रंग. पण त्यावरून लगेच 'नकली' असा शिक्का नको, तिथल्या कितीतरी कुटुंबांत रविवारच्या पाएयाला तोच रंग पडतो. आर्टिचोक असेल तर भात काळपट-हिरवट दिसतो, तेही बिघडल्याचं लक्षण नाही.

---

दुपारचा_डबा

खूपच उपयोगी. दोन शंका. बुडाला लागलेला भात, सोकार्रात, तो मुद्दाम लावतात की लागतो? आणि करपलेला असेल तर कसं कळणार? दुसरं, खायचं ताटात की पातेलीतून?

---

मीठ_आधी

मुद्दाम. पाणी संपलं की बुडाशी उरतं फक्त तेल, मांसाची चरबी आणि रश्शातला स्टार्च. पाणी असेपर्यंत तळ १०० अंशांच्या वर जात नाही, संपलं की भराभर चढतो आणि बुडाचे दाणे खमंग भाजतात. शेवटचं एखाद मिनिट आच वाढवतात. आचारी तेव्हा बघत नाही, ऐकतो. उकळीचा बुडबुड आवाज थांबून कोरडी तडतड सुरू होते, मग भाजल्याचा वास. धूर दिसायच्या आत उतरवायची.

नीट जमलेलं सोकार्रात चमच्यानं दाबलं की आधी अडतं, मग पापुद्र्यासारखं सुटून येतं. रंग मधापासून तपकिरीपर्यंत, चव खमंग, किंचित गोडसर. करपलेलं काळं असतं, खरवडताना चुरा होतो आणि कडवटपणा नुसता बुडाशी राहत नाही, वरच्या भातालाही धुराचा वास धरतो. लाकडाचा धूर आणि करपल्याचा धूर वेगळे. पहिला नाकाला कळतो, दुसरा घशाला.

सोकार्रात अजिबात नसेल तर ते चूक नव्हे. नुसता भात नीट शिजलेला असणं पहिलं. मेलोसो-काल्दोसोत तर ते नसतंच, मागू नका.

फसलेला भात असा ओळखायचा. मध्ये शिजलेला, कडेला कच्चा: शेगडी पातेलीपेक्षा लहान. एका बाजूला तेलाचं तळं: पातेली तिरकी. दाणे फुटून चिकटलेले: जास्त शिजला किंवा कुणीतरी ढवळला. तांदूळ पसरल्यावर पाएया ढवळायची नसते, ढवळलं की स्टार्च सुटून ती आसट होते. दाण्याच्या मध्यात किंचित टणकपणा लागणं तिथे चालतं, दाताखाली कचकच नाही चालत. तसा आला तर 'एस्ता क्रुदो' (कच्चा आहे), काळा आला तर 'एस्ता केमादो' (करपलाय) म्हणून पहिल्या दोन घासांतच सांगा. अर्धी पातेली संपवून सांगण्यात अर्थ नाही. नवीन केली तर पुन्हा वीस मिनिटं, हे मनाशी धरून.

---

खरवड

खायचं पातेलीतून, चमच्यानं. पाएया टेबलाच्या मध्ये ठेवतात, प्रत्येकानं आपल्या समोरच्या कडेपासून मध्याकडे त्रिकोणात खात जायचं, शेजाऱ्याच्या हद्दीत शिरायचं नाही. तुम्हाला नको असलेला मांसाचा तुकडा मधोमध ढकलायचा, ज्याला हवा तो उचलेल. काही घरांत वेटर पाएया दाखवून बाजूच्या टेबलावर नेतो आणि ताटांत वाढतो. पातेलीतून हवं असेल तर तो उचलायच्या आत 'एन ला पाएया' म्हणा. ताटात वाढलेला भात लवकर निवतो आणि सोकार्रात वाटून घेण्याची गंमत जाते. नीट खरवडायला लोखंडी उलथनं मागितलं तर देतात.

उतरवल्यावर चार-पाच मिनिटं थांबा, बुडाचा भाग सैल होतो. पण फोटो काढत पंधरा मिनिटं घालवली तर वरच्या दाण्यांत वाफ मुरून मऊ होतात.

लिंबाची फोड कडेला येते. मांसाच्या पाएयावर पिळत नाहीत, आंबटपणानं रश्श्याची चव मरते. कोळंबी सोलल्यावर हात पुसायला वापरा, किंवा माशांच्या भातावर आपल्या त्रिकोणात थोडं. अख्ख्या पातेलीवर पिळू नका, बाकीच्या तिघांची नजर बघावी लागेल.

---

पाणथळ

शहर की एल पाल्मार, याचं उत्तर राहिलं. समुद्राकाठी, म्हणजे लास आरेनास-मालवारोसाच्या बाजूला, माशांचे भात मुख्य. मांसाच्या पाएयाला एल पाल्मार किंवा आजूबाजूची शेतीची गावं. सुएकाला तर १९६१ पासून पाएयाची स्पर्धा भरते. एल पाल्मार अल्बुफेरा सरोवराच्या काठावर, शहरापासून दक्षिणेला, चहूबाजूंनी भातखाचरं. हा सगळा भाग १९८६ पासून नैसर्गिक उद्यान म्हणून राखलेला आहे. मेमध्ये पेरणीसाठी खाचरांत पाणी सोडलेलं असतं. हिरवंगार बघायचं तर जुलै, सप्टेंबरात कापणी.

तुमच्या चौघांसाठी एल पाल्मार बरं, भाज्यांची आणि मांसाची दोन्ही पाएया तिथे सहज होतात. गाव एवढंसं, हॉटेलांची रांग, दारात उभं राहून बोलावणारी माणसं. बोलावण्याला भुलून आत शिरू नका, आधी धरलेल्या टेबलावर जा. आल-इ-पेब्रे हा तिथला जुना पदार्थ, ईल माशाचा लसूण-पाप्रिका घातलेला झणझणीत रस्सा. मात्र युरोपीय ईल आज नामशेष होण्याच्या मार्गावरच्या प्रजातींत मोडतो, हे माहीत असू द्या.

जायला ईएमटीची, म्हणजे शहर बससेवेची, २४ नंबरची बस. २५ नंबर एल पेरेयोनेतकडे जाते, दोन्ही वाटेतल्या एल सालेर गावावरून जातात म्हणून गल्लत होते. फेऱ्या शहरातल्यासारख्या पाठोपाठ नसतात. दोनचं टेबल असेल तर बाराच्या सुमारास निघा, आधी नावेतून सरोवरात चक्कर मारा, मग जेवायला बसा. जेवणानंतर क्रेमाएत मागवा: रम साखर, लिंबाची साल, दालचिनी आणि कॉफीच्या बियांबरोबर पेटवून जाळतात, वर कडक कॉफी ओततात. आणि उतरल्या उतरल्या स्टॉपवरच्या परतीच्या वेळांचा फोटो काढून ठेवा, कारण चारच्या पुढे त्या गावातली अर्धी माणसं एकाच बसची वाट बघत असतात.